कॅम्परच्या मागचं फिरतं कॅरिअर, दुरुस्ती आणि सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर हे प्रश्न थव्याने येतात. विचारणारे बहुतेक नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या भागातले. कोणी ट्रॅव्हलरची कॅम्पर केली आहे, कोणी विंगरची, कोणी ईकोतच गादी टाकून फिरतो. प्रत्येकाच्या गाडीची मागची बाजू वेगळी, पण दुखणी तीच तीच. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिरतं कॅरिअर म्हणजे नेमकं काय? दारावर स्टेपनी लावली तर तेच काम होत नाही का?

बंपरच्या किंवा चासीच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) एका कोपऱ्यात उभी पिन असते. तिच्यावर आडवा हात फिरतो. हातावर स्टेपनी, पाण्याचे कॅन, सायकली किंवा पेटी बसते. दुसऱ्या टोकाला कडी, म्हणजे लॅच. कडी सोडून हात बाजूला फिरवला की मागचं दार मोकळं होतं.

दारावरच्या स्टेपनीचं वजन दाराच्या पत्र्यावर आणि दाराच्या कब्ज्यांवर येतं, आणि ते कब्जे दारापुरतेच बनवलेले असतात. स्टेपनीवर आणखी दोन कॅन टांगले की वर्षभरात दार खाली बसतं, रबर नीट दाबलं जात नाही आणि आत धूळ शिरते. फिरत्या कॅरिअरमध्ये ते वजन दाराला न लागता थेट चासीला जातं. त्याचा मुख्य फायदा तोच.

२. कॅरिअर बंद असताना वजन कशावर असतं? पिनेवर की कडीवर?

एकट्या पिनेवर नाही आणि कडीवर तर नाहीच. ते टेकूवर असायला हवं, आणि या पानावरची निम्मी उत्तरं या एका गोष्टीकडे परत येतात. पिनेने फिरवायचं, कडीने ओढून धरायचं आणि वजन टेकूने पेलायचं. टेकू म्हणजे कडीच्या बाजूला बंपरवर बसवलेला उतरता ठोकळा. हात बंद होताना त्याच्यावर चढतो आणि शेवटच्या इंचात दोन-तीन मिलिमीटर वर उचलला जातो. गाडी चालत असताना हात मग दोन्ही टोकांना आधारलेला असतो.

टेकू नसेल किंवा झिजून खाली गेला असेल, तर प्रत्येक खड्ड्यात हाताचं अख्खं वजन पिनेवर आपटतं. कडी बिचारी ते उचलून धरायला बघते आणि वाकते. लोक मग कडी बदलतात, पुन्हा कडी बदलतात.

परीक्षा सोपी आहे. कॅरिअर भरलेलं आणि कडी लावलेली असताना टेकू आणि हात यांच्यामध्ये वहीचा कागद सरकवून बघा. कागद सरकला तर वजन टेकूवर नाही. टेकूखाली पत्र्याची पट्टी घालून तो तेवढा उंच करा. सगळ्यात चांगला टेकू इंग्रजी व्ही आकाराचा, कारण तो हाताला पुढे-मागेही हलू देत नाही. त्याच्या तोंडावर कडक रबर हवं. आपल्याकडे कोळसा खाणींमुळे जुना कन्व्हेअर बेल्ट भंगारात मिळतो, त्याचा तुकडा या कामाला फार टिकतो.

३. भाऊ, कॅरिअर उघडलं का खाली लटकून राहिलं. वेल्डिंगवाला म्हणतो पिनच बदला. खरंच पिन गेली का?

असेलही, पण आधी झोल, म्हणजे सैलपणा, कुठे आहे ते शोधा. सामान उतरवा, हात अर्धा उघडा आणि टोकाला धरून वर-खाली हलवा. दुसऱ्या माणसाला पिनेजवळ बोट ठेवून बसवा. पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) यांच्यात हालचाल जाणवली तर झीज तिथे आहे. पिन शांत आहे आणि पिनेचा ब्रॅकेटच बंपरसकट हलतोय, तर बोल्ट ढिले आहेत किंवा त्यांची छिद्रं लांबट झाली आहेत. दोन्ही जागा शांत असून टोक हलतंय, तर हाताच्या मुळाशी क्रॅक असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर थेट प्रश्न ८ कडे जा आणि तोवर गाडी भरू नका.

पिनेतला झोल डोळ्याला क्षुल्लक दिसतो, टोकाला तो मोठा होऊन येतो. वरचा आणि खालचा बुश एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर आणि हात १२० सेंटिमीटर लांब असेल, तर बुशमधला अर्धा मिलिमीटर टोकाला ६ मिलिमीटर होतो. कडी लागायला तेवढा फरक पुरेसा नडतो.

बुशमधला झोल असेल तर बहुतेक वेळा नुसते बुश बदलून भागतं. पिन बाहेर काढून तिच्यावरून नख फिरवा. जिथे नख अडकेल तिथे घळ पडली आहे. तशी पिन नव्या बुशात घातलीत तर सहा महिन्यांत नवा बुशही तसाच खाईल, तेव्हा दोन्ही एकदम बदला.

४. बुश कोणता घ्यायचा? लेथवाला नायलॉनचा म्हणतो, दुकानदार गनमेटलचा.

दोघंही चूक नाहीत. नायलॉन पाणी शोषतो आणि फुगतो, त्यामुळे पावसाळ्यात हात जड फिरायला लागतो. प्लास्टिकच हवं असेल तर डेलरिन मागा, ते फार कमी पाणी घेतं आणि ग्रीसशिवायही चालतं. हलक्या कॅरिअरला, म्हणजे फक्त स्टेपनी किंवा फक्त सायकलींना, ते उत्तम.

वजन जास्त असेल तर गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ हे तांब्याचे मिश्रधातू. त्याला ग्रीस निप्पल लावून घ्या, आणि बुशच्या आत ग्रीस फिरायला घळ पाडायला सांगा. घळ नसेल तर निप्पलमधून जाणारं ग्रीस एकाच जागी बसून राहतं. वर-खाली ओ-रिंग किंवा धुळीची टोपी हवीच. उमरेड रोडच्या किंवा जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या धुळीत उघडं ग्रीस धूळ धरतं आणि ते मिश्रण पिनेला पॉलिश पेपरसारखं घासतं. निप्पलमधून नवं ग्रीस भरताना जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन मारा. ते बाहेर आलं म्हणजे घाणही बाहेर आली.

पिन ईएन ८ या कठीण पोलादाची करून घ्या. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) बारची पिन लवकर झिजते.

५. बुशऐवजी बेअरिंग बसवलं तर कायमचं काम होईल का?

जड कॅरिअरला हो, बऱ्यापैकी. पण साधं बॉल बेअरिंग नको, टेपर रोलर बेअरिंगची जोडी हवी. हाताचं वजन खाली ढकलतं आणि त्याच वेळी आडवंही ओढतं. टेपर बेअरिंग दोन्ही पेलतं. २५ मिलिमीटरच्या पिनेसाठी ३०२०५ हा नंबर कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. दोन बेअरिंगची तोंडं विरुद्ध दिशेला बसवायची. छोट्या ट्रॉलीचा तयार हब आणि स्टब मिळाला तर लेथचं बरंच काम वाचतं.

आवळण्याची पद्धत महत्त्वाची आहे. हात फिरवत फिरवत नट आवळा, फिरणं जड झालं की थोडा सोडा, मग झोल संपेल इतपतच पुन्हा आवळा आणि कॉटर पिन घाला. हे चाक नाही, जोरात फिरत नाही, म्हणून किंचित घट्ट ठेवलं तरी चालतं. घट्ट ठेवलेला हात वाऱ्याने झुलतही नाही.

६. नवीन बनवतोय. पिन किती उंच ठेवू?

जागा देईल तितकी. इथे कंजुषी करू नका, हा आकडा बाकी सगळं ठरवतो.

समजा हात आणि सामान मिळून ५० किलो, आणि त्या वजनाचा मध्य पिनेपासून ६० सेंटिमीटरवर. कॅरिअर उघडं असताना वरचा बुश बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो. दोन बुशमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येकावर सुमारे ३०० किलोचा आडवा जोर येतो. तेच अंतर ३० सेंटिमीटर केलं तर जोर १०० किलोवर उतरतो. सामान तेच, लोखंडही जवळपास तेवढंच, आणि जोर एक तृतीयांश. पिन जाड करून हा फायदा मिळत नाही.

हे आकडे गाडी उभी असतानाचे आहेत. कॅरिअर उघडं ठेवून गाडी दोन फूटही सरकवू नका, धक्क्याने जोर कितीतरी वाढतो. बंद असताना हा जोर टेकू घेतो (प्रश्न २).

हातासाठी ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, ३ मिलिमीटर जाडीचा, पुरतो. तो मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो. ५ मिलिमीटरचा पाइप घेऊन कॅरिअरच इतकं जड करणारेही भेटतात की सामान लावायच्या आधीच अर्धी क्षमता संपलेली असते. मुळाशी त्रिकोणी पट्ट्या द्या आणि बाकी हात हलका ठेवा.

७. कडी घट्ट आहे, तरी चालताना खडखड येतो. काय करू?

आधी टेकूची कागद-परीक्षा करा (प्रश्न २). दहातल्या सात-आठ गाड्यांत खडखड तिथेच सापडतो.

टेकू ठीक असेल तर कडीकडे वळा. टॉगल क्लॅम्प (दांडा मिटून आवळणारी कडी) वापरत असाल तर त्याचा हुक लांबी कमी-जास्त करता येणारा हवा. रबर दबत जातं तसा तो अर्धा-एक आटा आवळावा लागतो. क्लॅम्प बंद करताना तळहाताला स्पष्ट जोर लागला पाहिजे आणि शेवटी तो ‘टक’ करून मध्याच्या पलीकडे बसला पाहिजे. सहज मिटणारा क्लॅम्प खड्ड्यात सहज उघडतोही. म्हणून क्लॅम्पच्या भोकात आर-पिन (इंग्रजी आर आकाराची तारेची पिन) किंवा छोटं कुलूप हवंच. त्याशिवाय दुसरी स्वतंत्र कडी ठेवा, म्हणजे पहिली सुटली तरी हात रस्त्यावर येणार नाही. ही दुसरी कडी मी कोणालाही ऐच्छिक म्हणून सांगत नाही. मागून दुचाकीवर कोणीतरी येत असतं.

एवढं करूनही आवाज राहिला तर जॅरी कॅनचा पट्टा, स्टेपनीचे नट आणि नंबर प्लेट तपासा.

८. हाताच्या मुळाशी वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसते. रंग उडालाय की क्रॅक आहे?

रंग घासून काढा. त्या जागेवर रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर खडूची पूड चोळा. क्रॅक असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळपट रेघ उमटते. हात थोडा वर-खाली हलवलात तर ती आणखी ठळक होते. ती रेघ जिथे संपते त्याच्या किंचित पुढे खूण करून ठेवा.

क्रॅकवर नुसतं वेल्डिंग ओढून घेऊ नका. खूण केलेल्या टोकाला ३-४ मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, म्हणजे क्रॅक पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने रेघेच्या मार्गाने खाच करायची, तळापर्यंत वेल्ड भरायचं, आणि वरून पट्टी चढवायची. पट्टीची टोकं सरळ आडवी कापलेली नकोत, निमुळती हवीत. आडव्या टोकाशी ताण एकाच रेषेत साठतो आणि पुढचा क्रॅक नेमका तिथे येतो. वेल्ड कोपऱ्यावर संपवू नये, वळवून पुढे न्यावं.

आणि क्रॅक का आला हे शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. कारण बहुतेक वेळा टेकू नसणं किंवा वजन वाढणं हेच असतं.

९. कॅरिअर गाडीवर असतानाच वेल्डिंग केलं तर चालेल ना?

हात निघत असेल तर काढूनच करा. निघतच नसेल, तर बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. ती गाडीच्या पुढच्या भागाला लावली तर करंट ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरिंगमधून आणि पिनेच्या बेअरिंगमधून वाट काढतो. बेअरिंगच्या रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्यात करकरायला लागतं.

डिझेल टाकी आणि तिचे पाइप कुठे आहेत ते आधी वाकून बघा. गॅल्व्हनाइझ पाइपवरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका, त्या धुराने कारागिराला ताप भरतो. आणि ज्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (हा ताकदीचा ग्रेड) लिहिलंय त्या बोल्टना वेल्डिंग कधीच नाही. उष्णतेने त्यांची ताकद जाते.

१०. मागे किती वजन लावू शकतो?

कॅरिअर किती पेलतं यापेक्षा गाडी किती पेलते हे आधी बघा. मागच्या चाकाच्याही मागे टांगलेलं वजन तराजूच्या दांडीसारखं पुढचं टोक उचलतं. समजा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, साडेतीन मीटर आणि कॅरिअर मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे. ८० किलो लावलं तर पुढच्या एक्सलवरून सुमारे ३४ किलो कमी होतात आणि मागच्यावर ११४ किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री समोरच्यांच्या डोळ्यांत आपले हेडलाइट जातात, आणि समृद्धीवर १०० च्या वेगाला गाडी तरंगल्यासारखी वाटते.

पूर्ण भरलेली गाडी, पाण्याची टाकी आणि माणसांसकट, धर्मकाट्यावर (अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर) न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, मग पूर्ण. वाडी किंवा कळमना भागात धर्मकाटे बरेच आहेत. ते आकडे कंपनीने दिलेल्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. जड वस्तू शक्यतो एक्सलच्या पुढे, गाडीच्या पोटात ठेवा. मागे स्टेपनी, सायकली, रिकामे कॅन, खुर्च्या.

११. घाटात थांबलो की हात आपोआप फिरून अंगावर येतो. बिघाड आहे का?

उतारावर थोडं होणारच, पण सपाटीवरही होत असेल तर पिन उभी नाही. ओळंबा लावून बघा, एकदा मागून आणि एकदा बाजूने. मात्र गाडी भरलेली असताना. रिकाम्या गाडीवर ओळंबा बरोबर येतो आणि सामान भरलं की मागचं बसतं, पिन मागे कलते आणि हात स्वतःहून बाहेर पळतो. ब्रॅकेटच्या बोल्टखाली पत्र्याचे शिम, म्हणजे पातळ तुकडे, घालून ते सुधारता येतं.

शिवाय उघड्या स्थितीत अडकवणारी खिट्टी हवी. पिनेजवळच्या गोल पट्टीत ९० अंशावर एक आणि पूर्ण उघड्यावर एक अशी दोन छिद्रं पाडा आणि स्प्रिंगची खिट्टी त्यात आपोआप पडेल अशी बसवा. चिखलदऱ्याच्या घाटात कडेला थांबून चहा करताना ही खिट्टी मुलांची बोटं वाचवते. डिकीचा गॅस शॉकर लावणारेही आहेत. तो हाताला झुलू देत नाही हे खरं, पण उष्णतेने त्यातला दाब वाढतो. जानेवारीत मऊ वाटलेला शॉकर मेच्या ४५ अंशांत हात जोरात ढकलतो. शॉकर लावा, पण खिट्टीच्या जागी नाही, खिट्टीच्या जोडीला.

१२. दादा, आम्ही दोघी बहिणीच फिरतो. कॅरिअर बंद करताना उचलून टेकूवर चढवायला झेपत नाही.

उचलायची गरज पडता कामा नये. टेकूची चढण फार उभी आहे किंवा हात लटकला आहे (प्रश्न ३). टेकूचा उतार लांब करून घ्या, म्हणजे तीन मिलिमीटर चढायला पाच-सहा सेंटिमीटरचं अंतर मिळेल. हाताच्या टोकाला खालून एक छोटा रोलर किंवा बेअरिंग बसवलं तर ते टेकूवर घरंगळत चढतं. एका हाताने बंद होतं.

तरीही जड वाटलं तर एक मोठा हात काढून दोन अर्धे करा. एकावर स्टेपनी, दुसऱ्यावर बाकी. दोन्ही मध्यभागी एकमेकांना आणि बंपरला अडकतात. प्रत्येक पिनेवरचा जोर निम्म्याहूनही कमी होतो, कारण वजनही घटतं आणि लांबीही.

१३. पिन डावीकडे ठेवू की उजवीकडे?

डावीकडे. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. पिन डावीकडे असली की उघडा हात कडेच्या बाजूला जातो, वाहतुकीत नाही. अपवाद सायलेन्सरचा. तो डावीकडून मागे निघत असेल तर स्टेपनीचा किंवा सायकलचा टायर त्याच्या झोतात येतो का ते बघा. येत असेल तर सायलेन्सरचं तोंड खाली वळवा, पिनेची बाजू बदलू नका.

१४. पावसाळ्यात गंज येऊन राहिला. पावडर कोटिंग करू का गॅल्व्हनाइझ?

बाहेरचा गंज दिसतो, पाइपच्या आतला दिसत नाही. पान्याने पाइप वाजवत जा. खणखणीत आवाज अचानक बसका झाला तर तिथे आतून पत्रा खाल्ला गेला आहे. प्रत्येक पाइपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ६-८ मिलिमीटरचं छिद्र ठेवा, पाणी निघून जाईल.

हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंग करून मिळतं आणि ते दिसतंही छान. पण भट्टीचं तापमान १८० ते २०० अंश असतं, तेव्हा बुश, बेअरिंग, ओ-रिंग, रबर सगळं काढून द्या. पिनेच्या जागा आणि आटे टेपने झाकायला सांगा. दगड लागून कोटिंगचा टवका उडाला की पाणी खाली शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो, म्हणून टवका दिसताच घासून प्रायमर मारा. गरम जस्तात बुडवून केलेलं गॅल्व्हनाइझिंग सगळ्यात टिकाऊ, आतूनही होतं. फक्त बंद पाइपला हवेची छिद्रं नसतील तर बुडवताना तो फुटू शकतो. हे कारखान्यात देण्याआधी बघा.

ॲल्युमिनिअमची पेटी स्टीलच्या बोल्टने थेट लोखंडावर बसवली असेल तर तिथे पांढरी पूड दिसेल. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि रबराचा थर द्या.

१५. टेल लॅम्प आणि नंबर प्लेट कॅरिअरमागे झाकली जाते. हलवून हातावर लावू का?

शक्यतो कॅरिअरच असं बनवा की ती झाकलीच जाणार नाही. हाय सिक्युरिटी प्लेटचं स्नॅप लॉक एकदा काढलं की पुन्हा लागत नाही, त्यामुळे ती स्वतः उचकटून दुसरीकडे बसवू नका. मागच्या प्लेटवर पांढरा दिवा हवा आणि ती १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे, असा नियम आहे.

लॅम्प झाकले जात असतील तर हातावर दुसरा पूर्ण संच लावा: ब्रेक, इंडिकेटर, टेल, रिफ्लेक्टर. वायर पिनेच्या अगदी जवळून, उभी न्या आणि तिथे सैल फास ठेवा. लांबून नेलेली वायर प्रत्येक वेळी ताणली जाते आणि आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. रिव्हर्स कॅमेरा हातावर हलवणं मात्र सोपं आहे आणि करावंच.

१६. आरटीओची काय अडचण येते?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी, प्रत्येक बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. सामान गाडीच्या बाहेर मर्यादेपलीकडे आलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपयांचा दंड आहे, म्हणून सायकलची चाकं गाडीच्या रुंदीच्या आत ठेवा. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे येणारा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ नये.

बोल्टवर बसवलेलं, काढता येणारं कॅरिअर म्हणजे आपोआप मोकळीक, असं समजू नका. गाडी एमएच ३१ असो, ४० असो की ४९, आपापल्या कार्यालयात नकाशा आणि वजन घेऊन जा आणि लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडतो.

१७. सामान आणि कारागीर नागपुरात कुठे बघायचे?

पाइप, पट्ट्या, ग्रेडचे बोल्ट यांसाठी इतवारीतली लोहाओळी. लेथ आणि फॅब्रिकेशनसाठी हिंगणा एमआयडीसी, बॉडीच्या कामासाठी वाडी. कारागिराकडे जाताना नुसतं ‘मजबूत करून द्या’ म्हणू नका. मजबूतचा अर्थ बहुतेक जण जाड असा घेतात. कागदावर चार गोष्टी लिहून न्या: सामानाचं वजन, दोन बुशमधलं अंतर, टेकूची जागा आणि बोल्टचा ग्रेड. सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातलं) आहे का ते विचारा, आणि आधी सगळं टाचून (ठिकठिकाणी वेल्डचे टाके देऊन), गाडीवर लावून, दारं उघडून बघितल्याशिवाय पूर्ण वेल्ड करू देऊ नका.

१८. ताडोब्याला उद्याच निघायचं आहे. निदान काय बघू?

कागद-परीक्षा, दोन्ही कड्या, ब्रॅकेटचे बोल्ट, स्टेपनीचे नट. प्रत्येक नटावरून चासीपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. वरोऱ्याला थांबाल तेव्हा खाली वाकून नुसतं बघायचं. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे.

१९. मागे पेट्रोलचा कॅन आणि गॅस सिलिंडर लावू का?

नाही. मागून धडक बसली तर पहिला मार कॅरिअरलाच बसतो. पाण्याचा कॅन लावा.

२०. रिव्हर्स घेताना कॅरिअर खांबाला लागलं. हात जरा वाकलाय, गरम करून सरळ करू का?

हात सरळ होईल, पण आधी ब्रॅकेट आणि चासी बघा. धडकेचा जोर पिनेतून तिथेच जातो. पिन काढून सपाट काचेवर गडगडवा. डगमगत गेली तर वाकली आहे, ती टाकून द्या. हाताचा पाइप नुसता वळला असेल तर दाबून सरळ होतो. त्याला घडी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घाला, घडी पडलेलं लोखंड पुन्हा तिथेच मोडतं.

२१. आमच्या गाडीला मागे चासीच नाही, नुसती पत्र्याची बॉडी आहे. मग?

विंगरसारख्या मोनोकॉक गाड्यांत हा प्रश्न खरा आहे. पिन थेट पत्र्याला बसवू नका. टोइंगच्या जागा आणि बंपरच्या आतली मजबुती जिथे आहे तिथे आडवी सब-फ्रेम बोल्टने बसवा, आतून किमान ५ मिलिमीटरच्या प्लेटा द्या आणि जोर दोन्ही बाजूंना वाटा. वजनही हलकं ठेवा, स्टेपनी आणि एखादी सायकल इतकंच. मागचं दार वर उघडणारं असेल तर ते उघडताना हाताला लागतं का, आणि हात किती अंशांपर्यंत फिरवावा लागतो, हे पुठ्ठ्याचा नमुना करून आधी बघा.

२२. रात्री आत झोपतो तेव्हा कॅरिअर बाहेरून बंद असतं. मागचं दार आतून उघडत नाही. हे धोक्याचं आहे का?

हो, आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आत गॅसवर स्वयंपाक होत असेल आणि पलंगाने बाजूच्या दाराची वाट अडवली असेल, तर मागचं दार हीच सुटकेची वाट असते. दोन उपाय आहेत. एक, झोपण्याआधी कॅरिअर उघडून खिट्टीत अडकवून ठेवायचं, पण तेव्हा सायकलींना साखळी हवी आणि गाडी सपाटीवर हवी. दोन, मुख्य कडीला केबल जोडून तिची मूठ दाराच्या आत आणायची. दुचाकीच्या क्लचची केबल चालते. केबलवाली कडी रात्री एकटीच लावलेली असावी, दुसरी कडी, कुलूप आणि आर-पिन काढून ठेवायची आणि सकाळी निघण्यापूर्वी न चुकता परत लावायची. त्यासाठी कुलूप आणि आर-पिन ड्रायव्हरच्या चावीच्या जुडग्यातच अडकवून ठेवा.

केबल बसवल्यावर एकदा अंधारात, दिवा न लावता, पलंगावरून उठून मूठ ओढून बघा. घरातल्या प्रत्येकाकडून तसं करून घ्या, मुलांकडूनही.